हायड्रोमार्कर की ए-फ्रेम? पाणलोटाच्या आखणीसाठी कोणते साधन घ्यावे

पाणलोटाच्या, म्हणजे उतारावर पाणी आणि माती अडवण्याच्या, कामाला उतरणाऱ्या गावाने टिकाव-फावड्यांच्या आधी पाण्याच्या नळीने जमिनीची पातळी दाखवणारा हायड्रोमार्कर घ्यावा, आणि एक नव्हे, निदान दोन घ्यावेत. त्याच कामाची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची बांबूची चौकट, गावातच तयार होते, शिकवायला उत्तम आहे आणि शाळेतली मुलेही ती दहा मिनिटांत चालवू लागतात. पण डोंगरावर लांब चर आखायचा असेल तर तिच्यावर विसंबू नये. दोन्ही साधने एकाच कामाची असली तरी त्यांच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्या चुकांची किंमत पहिल्या मोठ्या पावसात मोजावी लागते.

ती किंमत किती, हे आधी पाहू. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत नेलेला चर, साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल खणतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या चरात १८० लिटर पाणी मावते. दोन चरांच्या ओळींमध्ये १० मीटर अंतर ठेवले, तर प्रत्येक मीटर चराच्या वाट्याला वरचा १० चौरस मीटर उतार येतो. ५० मिलिमीटरचा जोरदार पाऊस झाला आणि त्यातले ४० टक्के पाणी उघड्या उतारावरून वाहून आले, तर मीटरमागे २०० लिटर पाणी चरात येते. गणित तसे काठावरचेच आहे. आता ३० मीटरच्या चराचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १५ सेंटीमीटरने खाली गेले असे धरा. चर सगळीकडे ३० सेंटीमीटरच खोल खणला, तर पाणी खालच्या टोकाच्या काठापर्यंत चढते तेव्हा वरच्या टोकाला ते फक्त १५ सेंटीमीटर असते. चराची चौथाई क्षमता गेली. फरक ३० सेंटीमीटरचा झाला की निम्मी क्षमता जाते. आणि क्षमता जाणे हे त्यातले लहान नुकसान. तीस मीटरभर अडवलेले पाणी त्या एकाच खालच्या टोकावरून उसळते, सैल मातीचा बांध कापते, खालच्या चरात एकदम कोसळते आणि तोही फोडते. माती धरून ठेवायला खणलेल्या चरांमधूनच नवी ओघळ तयार होते. श्रमदानाचे काम पहिल्या पावसात फुटले की दुसऱ्या वर्षी माणसे पुन्हा डोंगरावर यायला तयार होत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

हायड्रोमार्कर म्हणजे गवंड्याच्या लेव्हल पाइपचीच शेतावरची आवृत्ती. दीड-दीड मीटरच्या दोन काठ्या, त्यांवर सेंटीमीटरच्या खुणांच्या पट्ट्या, आणि दोन्ही काठ्यांना तळापासून वरपर्यंत बांधलेली एकच पारदर्शक नळी. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेमुळे अनेक गावांतल्या माणसांनी तो हातात घेतला. तयार घेताना पहिली गोष्ट नळीची लांबी पाहावी. प्रत्येक काठीवर दीड मीटर नळी उभी जाते, म्हणजे तीन मीटर तिथेच संपली. १२ मीटर नळीचा मार्कर घेतला तर दोन काठ्यांमधले अंतर ताणून नऊ मीटरच मिळते. ते दहा मीटर असावे, कारण मग उताराची टक्केवारी तोंडीच निघते. त्यासाठी नळी १४ मीटर लागते. आतला व्यास ८ ते १० मिलिमीटर असावा. याहून बारीक नळीत पाणी सावकाश सरकते आणि बुडबुडे अडकतात. जाड नळी वजनदार होते, तिला पाणी जास्त लागते. १० मिलिमीटरच्या १४ मीटर नळीत, दोन्ही काठ्यांच्या निम्म्यापर्यंत भरायला, जवळपास एक लिटर पाणी पुरते.

काठीच्या तळाला दहा सेंटीमीटरची चौकोनी चपटी पट्टी ठोकलेली असेल तरच घ्या. नुसती टोकदार काठी नांगरट झालेल्या रानात दोन-तीन सेंटीमीटर रुतते, आणि रुतलेली काठी मोजणाऱ्याला दिसत नाही.

पाणी भरताना बहुतेक जण घाई करतात आणि तिथेच घोळ होतो. नळी नळाखाली धरून भरू नये, पाण्याबरोबर हवा आत जाते. बादली उंचावर ठेवावी, नळीचे एक टोक तिच्या तळाशी बुडवावे आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाणी चालू करावे. पाण्यात थोडी निळ किंवा कुंकू टाकले तर दुपारच्या उन्हातही पातळी स्पष्ट दिसते. मग एकाने सगळी नळी हातातून सरकवत जावे, जिथे बुडबुडा असेल तिथे बोटाने टिचक्या मारून तो वर काढावा. शेवटी दोन्ही काठ्या सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभ्या कराव्यात. दोन्हींवर आकडा एकच यायला हवा. अर्धा सेंटीमीटर जरी फरक आला तरी आत बुडबुडा आहे किंवा एखादी पट्टी सरकली आहे, तो दुरुस्त केल्याशिवाय शिवारात जाऊ नये.

आता वाचन कसे घ्यायचे ते नीट पाहू, कारण या साधनाची सगळी ताकद तिथे आहे. पाणी दोन्ही काठ्यांवर ७५ वर असताना एक काठी वर आणि दुसरी दहा मीटर खाली नेली. जमीन ३० सेंटीमीटरने उतरत असेल तर खालच्या काठीवर पाणी ९० वर चढलेले दिसते आणि वरच्या काठीवर ६० वर उतरलेले. उतार म्हणजे ९० वजा ६०, ३० सेंटीमीटर. दहा मीटरला ३० सेंटीमीटर, म्हणजे तीन टक्के. नवशिक्यांची ठरलेली चूक अशी, की ते एकाच काठीकडे पाहतात, पाणी ७५ वरून ९० वर गेले म्हणून उतार १५ सेंटीमीटर लिहितात. उतार निम्मा लिहिला गेला की बांधांचे अंतर चुकते आणि पुढचे सगळे चुकते. दोन्ही काठ्यांचे आकडे मोठ्याने सांगायचे आणि तिसऱ्याने वहीत लिहायचे, हा नियमच ठेवावा.

याच दोन आकड्यांत साधनाची स्वतःची तपासणीही दडलेली आहे. ७५ आणि ७५, बेरीज १५०. ९० आणि ६०, बेरीज तरीही १५०. उतार कितीही असो, पाणी तेवढेच असेल तर बेरीज बदलत नाही. चालताना नळीच्या टोकाचे बूच निघाले आणि दोन चमचे पाणी सांडले, तर दहा मिलिमीटरच्या नळीत ही बेरीज बारा-तेरा सेंटीमीटरने घटते. म्हणून वहीत तिसरा रकाना बेरजेचा ठेवावा. फक्त दोन आकड्यांची वजाबाकी करत असाल तर पाणी थोडे सांडले तरी फरक बरोबरच येतो. पण पाणी अमुक खुणेवर आले की जमीन समतल, अशा पद्धतीने कोणी झटपट आखत असेल, तर सांडलेल्या पाण्यानंतरची प्रत्येक खूण चुकीची पडते. इतक्या साध्या साधनात इतकी पक्की तपासणी मिळते, आणि ती करायला बेरजेपलीकडे काही यावे लागत नाही, म्हणून आमचा कौल हायड्रोमार्करला आहे.

दोषही आहेत. काठी दहा अंशांनी कलली तर पाऊण मीटरच्या वाचनात एक सेंटीमीटरहून अधिक फरक पडतो, म्हणून काठीला छोटा ओळंबा बांधावा. वाचताना दोन्ही टोके उघडी हवीत. एक टोक अंगठ्याने दाबलेले राहिले तर पाणी जागचे हलत नाही आणि सगळे समतल असल्याचा भास होतो. एक काठी झाडाच्या सावलीत आणि दुसरी मे महिन्याच्या उन्हात बराच वेळ राहिली तर गरम पाणी फुगून काही मिलिमीटर वर दिसते. आखणी सकाळी करावी, नळी उन्हात पसरून जेवायला जाऊ नये. तीव्र उतारावरही त्याला मर्यादा आहे. दीड मीटरच्या काठ्यांवर निम्म्यापर्यंत पाणी असेल तर दोन टोकांत दीड मीटरपेक्षा जास्त फरक पडताच पाणी खालच्या काठीच्या वरून सांडते. म्हणजे दहा मीटर अंतरावर १५ टक्के उतार ही शेवटची हद्द. त्याहून खडा डोंगर मोजायचा तर अंतर पाच मीटरवर आणावे. अर्थात हे उतार मोजताना. समतल रेषा आखताना दोन्ही काठ्या एकाच पातळीत असतात, तेव्हा कितीही खडा डोंगर असला तरी अडचण नाही.

ए-फ्रेमकडे वळू. दोन-दोन मीटरचे दोन बांबू, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा. दोन पायांत दोन मीटर अंतर. आडव्या पट्टीवर मध्यखूण करताना ती मोजपट्टीने करू नये. फ्रेम दोन ठिकाणी पाय टेकवून उभी करावी, ओळंब्याची दोरी जिथे येईल तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी पुन्हा उभी करावी आणि दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य हीच खरी मध्यखूण. बांबू वाकडे असले, एक पाय आखूड असला, तरी या रीतीने केलेली खूण बरोबरच येते. वाऱ्यात ओळंबा डोलतो, त्यावर उपाय म्हणजे पट्टीवर गवंड्याची स्पिरिट लेव्हल बसवणे.

तिचा खरा दोष मात्र उपायाने जात नाही. तीस मीटर जायला दोन मीटरची फ्रेम पंधरा वेळा टेकवावी लागते. प्रत्येक वेळी एका बाजूला एक सेंटीमीटर चूक झाली, एक पाय ढेकळावर नि दुसरा खळग्यात पडला, तर शेवटी तेच १५ सेंटीमीटर साचतात, ज्यांनी चराची चौथाई क्षमता खाल्ली होती. हायड्रोमार्करने तेवढ्याच अंतराला तीन वेळा मांडावे लागते. शिवाय मागची काठी जागेवर ठेवून पुढची तीन, सहा, दहा मीटरवर नेता येते, त्यामुळे मधल्या खुंट्यांची चूक पुढच्या खुंटीत जात नाही. वाटल्यास ए-फ्रेमने जिथे आखणी झाली आहे तिथे हायड्रोमार्करने पहिली आणि शेवटची खुंटी तपासावी. पाच सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर खणायला हरकत नाही.

शेतातल्या बांधांसाठी तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. बांधबंदिस्तीत दोन बांधांमधील उभ्या अंतराचे, म्हणजे उंचीतल्या फरकाचे, पूर्वापार सूत्र असे: उताराच्या टक्केवारीला तीनने भागावे, त्यात दोन मिळवावेत, आणि आलेल्या आकड्याला ०.३ ने गुणावे, उत्तर मीटरमध्ये. तीन टक्के उताराला ०.९ मीटर येते, म्हणजे जमिनीवर ३० मीटर अंतर. सहा टक्क्यांना १.२ मीटर, म्हणजे २० मीटर. उतार तीनऐवजी चुकून दीड मोजला गेला, तर अंतर ५० मीटर येते आणि दोन बांधांमध्ये पाणी धावायला लागते. भारी काळ्या जमिनीत समतल बांधात पाणी तुंबून पीक पिवळे पडते, बांधाला भेगा जाऊन तो फुटतो. तिथे ढाळीचा बांध लागतो, शंभर मीटरला वीस सेंटीमीटर असा हलका ढाळ देऊन. हायड्रोमार्करने तो दहा मीटरला दोन सेंटीमीटर असा आखता येतो, जपून काम केले तर अचूक येतो. ए-फ्रेमच्या दोन मीटरवर हाच ढाळ चार मिलिमीटर होतो आणि तो ओळंब्याच्या दोरीवर दिसणे अशक्य.

ओघळीतल्या अनघड दगडी बांधांसाठीही हायड्रोमार्कर कामी येतो. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत असावा, हा नियम. दहा टक्के उताराच्या ओघळीत एक मीटर उंचीचे बांध दर दहा मीटरवर. दोन टोकांना काठ्या ठेवल्या की बांधाची जागा लगेच ठरते. माथा मध्यभागी कडांपेक्षा वीस-तीस सेंटीमीटर खोलगट ठेवलाय ना, हेही त्याच काठीने पाहावे. तो सपाट राहिला तर पूर दगडांना वळसा घालून काठ कापतो आणि बांध ओघळीच्या मधोमध एकटा उभा राहतो.

सिमेंट नाला बंधाऱ्यासाठी आणि मोठ्या माती नाला बांधाच्या सांडव्यासाठी हे साधन वापरू नये. तिथे डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि तांत्रिक मंजुरी देणारा अभियंताच हवा. मोबाइलवरची उंची दाखवणारी ॲप तर समतल रेषेच्या कामाची मुळीच नाहीत, त्यांच्या उंचीत मीटरा-मीटरांची चूक असते. उपग्रह नकाशावर गावाचा माथा कुठे, पाणी कोणत्या नाल्याला जाते, एवढे पाहायला फोन चांगला.

आखणीनंतर फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) रेषा मारली की मशीन येते, आणि तिथे गावाला आपली मोजणी पुन्हा लागते. पोकलेन चालवणाऱ्याचा हात सरळ रेषेकडे जातो, फक्की मात्र डोंगराच्या वळणाने जाते. वळणावर रेषा सोडली की चर तिथेच खाली उतरतो. तासाच्या भाड्यापेक्षा घनमीटरवर व्यवहार करावा. एक मीटर रुंद, एक मीटर खोल चर असेल तर मीटरला एक घनमीटर, गावातला कोणीही मोजू शकतो. माती खालच्या बाजूला टाकायची आणि चर व बांध यांच्यात ३० सेंटीमीटरची पट्टी मोकळी सोडायची, हे चालकाला काम सुरू होण्याआधी सांगून लिहून घ्यावे. वरच्या बाजूला टाकलेली माती पहिल्या पावसात चरात येऊन बसते. ओघळीच्या काठापाशी चर दोन-तीन मीटर आधीच थांबवावा. ओघळ ओलांडून नेलेला चर हा पाण्याला ओघळीत नेणारा पाट ठरतो.

हे साधन कोणाच्या हातात राहते, यावर गावाचा फायदा ठरतो. डोंगरउताराची हलकी, मुरमाड जमीन बहुतेक ठिकाणी गरीब कुटुंबांकडे असते, आणि पायथ्याची काळी, विहिरीची जमीन सधनांकडे. काम पायथ्याच्या नाला खोलीकरणापासून सुरू झाले तर पाणी आधीच ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच विहिरींना वाढते. माथा ते पायथा हा क्रम तांत्रिक आहे तितकाच न्यायाचाही आहे, कारण त्यात पहिली माती आणि पहिला ओलावा वरच्या शेतात अडतो, आणि पहिली मजुरी डोंगरावर मिळते. १९९२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गटवार, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक गट नंबरापुरते, नियोजन झाले, आणि ते टिकले ते त्याच्या रीतीमुळे. शेतकरी नवरा-बायको दोघांनाही बरोबर घेऊन त्यांच्याच गटात उभे राहून उतार, मातीची खोली आणि उपचार, म्हणजे तिथे कोणते काम करायचे ते, ठरवले जात. त्याआधीचे अनेक समतल बांध शेतांच्या हद्दी न पाहता आखले गेले, आणि शेतकऱ्यांनी ते पुढच्या नांगरटीत मोडले. स्वतःच्या शेतात स्वतःच्या हाताने ९० आणि ६० वाचलेला माणूस बांध मोडत नाही, कारण तो कुठे आणि का आला हे त्याने पाहिलेले असते.

भूमिहीनांना मात्र उताराच्या मोजणीतून काही मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच गावाने करार करावेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकातच पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी वाटले आणि भूमिहीनांनाही त्यात वाटा दिला. त्या नियमात उसाला परवानगी नव्हती. चराईबंदी करताना शेळ्यांवर जगणाऱ्या घरांना कापून नेण्याच्या गवताचा हक्क पहिल्याच वर्षी लिहून द्यावा, नाहीतर बंदी सहा महिन्यांत मोडते आणि नव्या चरांचे काठ खुरांनी ढासळतात. रोजगार हमीवर मजुरी मोजमापावर ठरते, तिथे मजुरांनी खणताना मध्ये मध्ये मूळ जमिनीचा न खणलेला तुकडा राखून ठेवावा आणि त्याची उंची त्याच काठीने सर्वांसमोर मोजावी. खोली किती होती यावर मग वाद उरत नाही.

घरी करायचा असेल तर खर्च फक्त नळीचा. काठ्या सागाच्या किंवा सरळ चौकोनी पाइपच्या, पट्टी शिंप्याच्या टेपची चालते, पण तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारावी, नाहीतर दव पडून ती ताणते. दोन्ही टेप एकाच कंपनीच्या एकाच लांबीच्या घ्याव्यात. तयार मार्करवर पट्टी छापलेली असते, ती दोन्ही काठ्यांवर तळापासूनच सुरू होते का, हे दुकानातच दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाहावे. नळी हंगामभर उन्हात राहिली की पिवळी पडते आणि कडक होते, मग पातळी दिसत नाही. ती दरवर्षी बदलावी. काम संपल्यावर पाणी पूर्ण काढून, गुंडाळी मोठ्या वेटोळ्यात करून टांगावी. घट्ट वेटोळ्यात पडलेल्या पिळात पुढच्या वर्षी पाणी अडते. दोन मार्करपैकी एक गावाच्या पाणलोट समितीच्या खोलीत आणि दुसरा बचत गटाकडे ठेवावा, म्हणजे समितीने आखलेली ओळ दुसऱ्या कोणीही कुलूप न मागता तपासू शकते.